त्रेचाळीस पत्रांची कातरण

बांधणीच्या कारखान्यात तिला सगळे सुबक म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वहीसुद्धा तिनंच बांधलेली. त्यामुळे बघणारा आधी वहीची पाठ बघायचा, कोपरे बघायचा, आणि आतली नावं वाचायची राहूनच जायची. सुबक हे नाव मास्तरांचं. ती चौदाव्या वर्षी तिथं खळ ढवळायला लागली. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर निळं मोरचूद. पहिल्याच आठवड्यात या पोरीनं खळीच्या डब्याची कडसुद्धा पुसून ठेवलेली बघून मास्तर म्हणाले, "ही तर भलतीच सुबक निघाली." नाव खळीसारखं चिकटलं ते चिकटलंच.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला शिवायची टेबलं, दुसऱ्या भिंतीला दाबयंत्र, आणि मधोमध कापायचं यंत्र. जुनं, ओतीव लोखंडाचं. दांडा ओढला की पातं तिरकं खाली उतरायचं आणि पाचशे कागद एका दमात कापले जायचे, आवाज मात्र एवढासा, कुणी उसासा टाकावा तेवढा. या यंत्रानं मास्तरांच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली होती. मास्तर ते हसत सांगायचे. "तीन बोटांत मी जे करतो ते लोकांना पाचांत जमत नाही." पण नव्या माणसाला यंत्रावर उभं करायच्या आधी तो हात ते त्याच्या डोळ्यांसमोर धरत आणि काही न बोलता मनात दहा मोजत.

सुबकचा हात त्या यंत्रावर कधी चुकला नव्हता. तिनं बांधलेल्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटे. वाकडी कड तिला बघवत नसे. कुणाकडं भेटायला गेली तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून यायची. आईबाप गेले, भावंडं आपापल्या वाटेनं गेली, आणि तिच्या लग्नाची वेळ कधी आली नि कधी टळून गेली, ते तिचं तिलाच कळलं नाही. लोक म्हणायचे, "हिला नवरा मिळेल, पण चारी कोपरे काटकोनात असलेला." ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

जो आला त्याचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नखांत ग्रीस, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता. काखेत यंत्राच्या माहितीचं जाड पुस्तक, तेलानं काळवंडलेलं, पाठ फाटलेली, पानं दोरीनं आवळलेली.

"हे जगेल का?" त्यानं विचारलं.

"जगेल. आठ दिवस ठेवावं लागेल."

आठव्या दिवशी तो आला, पुस्तक बघून गेला आणि न्यायचं विसरला. दहाव्या दिवशी पुस्तक घेऊन गेला आणि छत्री विसरला. बाराव्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "अहो लिफ्टवाले, तुमचं नक्की काय राहिलंय इथं?" तो कानापर्यंत लाल झाला. जन्मात कधी फार न बोललेला माणूस, ऐन वेळी शब्द कुठून आणणार? त्यानं कापायच्या यंत्राकडं बोट केलं, मग मास्तरांच्या हाताकडं पाहिलं, आणि सुबकला म्हणाला, "तुम्ही रोज उभ्या राहता यावर. मला बघवत नाही."

याला मागणी घालणं म्हणायचं की नाही, यावर कारखान्यात आजही दोन मतं आहेत. तिनं मात्र ती मागणीच धरली.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. त्याच्याकडून त्याची मोठी बहीण, तिच्याकडून मास्तर. फोटो एकच निघाला. त्यात नणंदेचे डोळे मिटलेले आणि मास्तरांनी हात पाठीमागं लपवलेला. एकोणीस दिवसांनी नवरा परदेशी गेला. तिथल्या एका कंपनीनं पाच वर्षांचा करार केला होता. डोंगरातल्या खाणीत माणसांना खाली सोडणारा पिंजरा असतो, त्याची दोरखंडं आणि चाकं सांभाळायची. "सहा महिन्यांत तुला बोलावतो," तो म्हणाला होता.

खाणीच्या त्या वस्तीत फोन लागत नसे. पंधरा दिवसांनी कंपनीची गाडी खाली शहरात यायची, तिच्यातून सगळ्यांची पत्रं एका थैलीत यायची, कधी एकाची दोन-दोन, ती थैली विमानानं इकडं यायची आणि कंपनीच्या इथल्या कचेरीतला माणूस पत्रं घरोघर पोचवायचा. पाकीट नाही, टपालाचा शिक्का नाही. नुसता घडी घातलेला कागद. तोही हाताला लागेल तो. कधी आलेखाचा, कधी तपासणीच्या तक्त्याची कोरी मागची बाजू, कधी वहीचं फाडलेलं पान. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. खाली गिचमीड अक्षर. तोंडानं मुका असलेला तो माणूस कागदावर चांगला बोलायचा. 'आज थंडीनं पाना हाताला चिकटून बसला.' 'शेजारच्या खाटेवरचा असा घोरतो की आम्ही त्याला करवत म्हणतो, आता तो त्या नावाला ओ देतो.' पान भरलं की कागद आडवा करून उजव्या कडेला, अगदी टोकाशी, एक बारीक ओळ असे. एक पत्र सोडलं तर दर पत्रात तीच ओळ. 'बोटं जप.'

सुबक पत्र उघडलं की आधी ती कड वाचायची. मग वरून खाली.

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. मध्ये तो तेवीस दिवस येऊन गेला. पाच महिन्यांपूर्वी त्याला वरून उतरवून शहरातल्या कामावर घेतलं, तेव्हापासून रोज फोन. पण तिच्या व्हिसाचा पहिला अर्ज परत आला होता. त्यावर एक ओळ होती: विवाह खरा असल्याचा पुरेसा पुरावा नाही. दुसरा अर्ज केला. त्याची मुलाखत मंगळवारी सकाळी नऊ वाजता.

अर्ज भरून देणाऱ्या माणसाला सगळे फॉर्मवाला म्हणत. त्याच्या टेबलावर इतकी कागदपत्रं असत की गिऱ्हाइकाला त्याचं नुसतं कपाळ दिसे. तो कपाळ न हलवता बोलायचा.

"बाई, दोन वर्षांत बेचाळीस दिवस एकत्र. फोटो एक. त्यातही एकीचे डोळे मिटलेले. साहेब म्हणणार, हे लग्न आहे की बसमधली ओळख?"

"रोज बोलतो आम्ही फोनवर."

"काय बोलता?" त्यानं तिच्या फोनमधले निरोप वर सरकवत नेले. "जेवलीस, जेवले, तुम्ही, जेवलो, झोप. नवरा-बायकोचं बोलणं आहे की हजेरी? आणि हेही पाचच महिन्यांचं. पहिल्या दीड वर्षाचं काय?"

"पत्रं आहेत. त्रेचाळीस."

कपाळ पहिल्यांदा वर आलं. "मूळ? तारखांसकट?"

"सगळ्यांवर तारीख आहे."

"मग तीच तुमची काठी. नीटनेटकी लावून न्या, चुरगळलेला ढीग नको. भांडणतंट्याचं विचारलं तर म्हणायचं, आमचं कधी भांडण होत नाही. आणि एक सांगून ठेवतो. मुलाखत संपल्यावर पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला तर तुमचं काम झालं. परत तुमच्या हातात दिला, तर या वेळी तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही."

तीन वर्षं. ती एकेचाळीसची होती. जिना उतरताना तिनं हिशेब केला नाही, पण पायऱ्या मोजल्या.

नीटनेटकी लावून न्या, हे सुबकला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. शुक्रवारी दुपारी कामं आटोपल्यावर ती पत्रं घेऊन बसली. प्रत्येक पत्राच्या डाव्या कडेला पातळ कागदाची पट्टी डकवली, त्या पट्ट्यांतून टाके घातले, सुरुवातीला तो एकुलता फोटो आणि शेवटी लग्नाचा दाखला मागाहून डकवायला बाजूला ठेवले. पाठीला निळं कापड. पण कागद सगळे वेगवेगळ्या मापाचे. एक आखूड, एक लांब, एक बाहेर जीभ काढल्यासारखा. ते बघून तिचा जीव घुसमटायला लागला. मंगळवारी साहेब हे हातात घेणार आणि म्हणणार, बांधणाऱ्या बाईची ही बांधणी?

कारखान्यात चारजण होते. दुसऱ्यांच्या देखत ती पत्रं वाचायची तिला लाज वाटे, म्हणून तिनं वर-खाली कोरे पुठ्ठे ठेवले होते. मापाला तिनं वरचंच पत्र घेतलं. ते वहीच्या लहान पानाचं होतं. बांधणाऱ्याचा डोळा अक्षरावर नसतो, कडेवर असतो. तिनं गठ्ठा यंत्रात सारला, दाब आवळला, दांडा ओढला. उसासा. वळवला, पुन्हा ओढला. पुन्हा वळवला. तीन बाजू, तीन उसासे. खाली पोत्यात पांढऱ्या पट्ट्या पडल्या. तिनं पुस्तक उचलून कडेवरून अंगठा फिरवला. काच.

रविवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला. चेहरा दिसणारा फोन. तिनं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. असं कधी काही मिरवायची सवय नसलेली बाई ती, पण त्या दिवशी तिच्या आवाजात थोडी मिजास होती.

"बघा. तुमची सगळी पत्रं. साहेबसुद्धा बघत राहील."

तो हसला. "उघड की."

तिनं उघडलं. एक पान, दुसरं पान. तो पडद्याच्या जवळ आला. हसू तिथंच थांबलं.

"कड कुठं गेली?"

"सरळ केली. कमी-जास्त होती ना सगळी."

"कडेला लिहिलेलं होतं."

तिनं पुस्तक स्वतःकडं वळवलं. आलेखाचा कागद. वर तारखेच्या जागी नुसते आकड्यांचे पाय. उजवीकडं अक्षरांचे अर्धे डोळे. तिनं दहा पानं उलटली, वीस उलटली. थोड्या लहान पत्रांना पातं लागलं नव्हतं. बाकी सगळीकडं जिथं 'बोटं जप' होतं, तिथं काचेसारखी कड होती.

मग तो अगदी हळू म्हणाला, "मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. जे बोलायचं ते मी कडेला लिहीत होतो. नेमकं तेवढंच कापलंस."

"अहो, ऐका तरी..."

"त्याच यंत्रावर?"

तिनं पुस्तक मिटलं. फोन बंद झाला. तिनं परत लावला, वाजून वाजून थांबला. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावला. त्यानं उचलला नाही.

सोमवारी सकाळी नणंद आली. कचेरीत बरोबर यायचं म्हणून तिनं रजा काढली होती. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे कागद हातात आला की आधी तारीख शोधायची तिला सवय. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा पुसला, पुन्हा उघडलं.

"वहिनी, तारखा कुठं आहेत?"

सुबकनं सांगितलं. नणंद मटकन खुर्चीत बसली. मग तिनं मुलाखतीचं पत्र काढून त्यातली ओळ बोटाखाली धरून वाचली. "मूळ कागदपत्रे, अखंड व फेरफार न केलेली. अखंड, वहिनी. अति तिथं माती म्हणतात ते हेच. अगं, जग कागद जोडून पुरावा करतं, तू कापून केलास."

"ते फोन उचलत नाहीत, ताई."

"तो लहानपणी रुसला की कपाटात जाऊन बसायचा. एकदा दीड दिवस बसला होता. आता एवढं मोठं कपाट मिळालंय त्याला." मग तिचा आवाज खाली आला. "पण उद्या तिकडून साहेब त्याला फोन करतील की नाही? फॉर्मवाला म्हणालेला, करतात. त्यानं नाही उचलला तर?"

सुबकनं चपला घातल्या. "पोतं शनिवारी गेलं असेल. मास्तरांना विचारू."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. तीन बोटांचा हात डोक्यावरून फिरवत म्हणाले, "यंत्रानं माझी बोटं घेतली तेव्हा मी ती शोधली नाहीत. तुझी निदान शोधण्यासारखी आहेत. जा. मळ्याजवळच्या गोदामात जातं आपलं पोतं. लगदा करायला गाडी सोमवारी दुपारी नेते."

दुपार व्हायला अडीच तास होते.

गोदामाच्या दारात कागदाचा डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी एक बाई खुर्ची टाकून बसली होती. "कातरण?" ती म्हणाली. "कातरण म्हणजे ती सगळी मागची भिंत. हुडका. पण गाडी आली की मी थांबवणार नाही."

मागच्या भिंतीला चाळीसएक पोती होती. नणंदेनं पदर खोचला आणि हात घालणार तोच सुबक म्हणाली, "थांबा, उघडू नका. नुसती तोंडं बघा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आमच्या खळीत मोरचूद असतं. दुसरे नाही घालत आता. खळीचे हात पोत्याला पुसतो आम्ही, तोंडाशी निळसर पापुद्रा दिसेल."

सातव्या पोत्याच्या तोंडाशी तिला ती निळी खूण दिसली. पोतं ओतलं. छापील पुस्तकांच्या पांढऱ्या पट्ट्या, हजारो, सापाच्या कातेसारख्या. त्यांत शाईची पट्टी शोधायची. दोघी गुडघ्यांवर बसल्या. सुबक डोळ्यांनी शोधतच नव्हती, बोटांनी शोधत होती. छापायचा कागद गुळगुळीत, आलेखाचा खरखरीत, तपासणी तक्त्याचा जाडसर. पहिली पट्टी सापडली तेव्हा तिनं ती उजेडात धरली. बोटभर रुंद, त्यावर आडवं, 'बोटं जप.' तिनं ती ओठांत धरली आणि पुढं शोधायला लागली, कारण दोन्ही हात कामात होते.

गाडीचा भोंगा वाजला तेव्हा एकतीस पत्रांच्या पट्ट्या सापडल्या होत्या. सहा पत्रं मुळातच लहान, न कापलेली. सहा पत्रांचं काही सापडलं नाही. ती पोत्यांबरोबर गेली.

घरी नणंद म्हणाली, "आता चिकटव. तुझा हात आहे, कुणाला सांधा दिसायचा नाही."

हे खरं होतं. पाण्यासारखा पातळ कागद मागं लावला, कडा खळीनं भिजवल्या, रात्रभर दाबाखाली ठेवलं की सांधा देवालासुद्धा दिसला नसता. सुबकनं खळीचा डबा जवळ ओढलासुद्धा. मग पट्ट्यांकडं बघत बसली.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी भिंग लावून बघितलं तर? एकदा जोडलेलं लपवलं, की मग खरं काय आणि मी केलेलं काय, मलाच सांगता येणार नाही." तिनं पट्ट्या एका पाकिटात भरल्या. पाकिटाचं तोंड चिकटवलं नाही.

झोपायच्या आधी तिनं आणखी एकदा फोन लावला. वाजून वाजून थांबला.

मुलाखतीची खोली लहान होती. टेबलापलीकडं अधिकारी, बाजूला एक दुभाषी बाई. टेबलाच्या उजव्या टोकाला एक करडा ट्रे, त्यात सुबकचा पासपोर्ट. नणंदेला बाहेर बसवलं होतं.

अधिकाऱ्यानं पुस्तक हातात घेतलं, पाठ बघितली, कोपरे बघितले. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. मग त्यानं उघडलं आणि ते गेलं. तो बोलला, दुभाषी बाईनं मराठीत सांगितलं. "यांतल्या बहुतेकांवर तारखा नाहीत. कडा ताज्या कापलेल्या दिसतात. कुणी कापल्या?"

"मी."

"केव्हा?"

"शुक्रवारी."

"मुलाखतीच्या चार दिवस आधी तुम्ही तुमच्या पुराव्यावरच्या तारखा कापल्यात. का?"

सुबकनं तोंड उघडलं. कालपासून तिनं पुष्कळ उत्तरं जुळवली होती. त्यांतलं एकही आलं नाही. "कड सरळ नव्हती," ती म्हणाली.

दुभाषी बाईनं ते लगेच सांगितलं नाही. तिनं सुबकच्या हाताकडं पाहिलं, नखांभोवती वाळलेल्या खळीकडं. मग सांगितलं. अधिकारी हसला नाही. "त्रेचाळीस पत्रं एका आठवड्यात बसूनही लिहिता येतात, बाई."

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "कापलेलं यात आहे. सगळं नाही. सहांचं गेलं."

अधिकाऱ्यानं पाकिटात बोटं घालून मधलीच एक पट्टी ओढली आणि दुभाषी बाईकडं दिली. तिनं वाचलं, "नोव्हेंबरची अकरा."

"बघू," म्हणून सुबकनं ती घेतली, पण बघितली नाही, अंगठा आणि बोटात धरून चोळली. "हा तपासणी तक्ता आहे. पाठीमागं छापलेलं असतं. या पत्रात त्यांना ताप आला होता. करवत म्हणून त्यांचा सोबती आहे, त्यानं आपलं पांघरूण दिलं, म्हणून त्या दिवशी ते त्याच्या घोरण्याबद्दल काही बोलणार नाहीत, असं लिहिलंय." तिनं पुस्तक उघडलं, सोळावं पान, आणि पट्टी कडेला टेकवली. शाईची एक लांब वेलांटी कापातून थेट अलीकडं आली.

अधिकाऱ्यानं दुसरी फाईल ओढली. नवऱ्याची, कंपनीकडून आलेली. पानं उलटत एका ठिकाणी थांबला. नोव्हेंबर, दहा ते तेरा, आजारपणाची रजा. त्यानं दुसरी पट्टी काढली. तिसरी. सुबकनं पान दाखवलं. चौथ्या पट्टीला ती अडखळली, दोन पानांवर लावून बघितली, म्हणाली, "ही नाही जुळत. ही कुठली ते मला आता सांगता येत नाही." दुभाषी बाईनं तेही सांगितलं.

"आणि ही कडेची ओळ? कित्येक पट्ट्यांवर तीच आहे."

"ती त्यांची मला ताकीद आहे. कापायच्या यंत्राबद्दल."

अधिकारी उठला. फोन घेऊन शेजारच्या खोलीत गेला. मध्ये काचेची खिडकी होती. सुबकला त्याची पाठ दिसत होती आणि कानाला लावलेला फोन. वाजत असणार. तिच्या डोळ्यांसमोर एक कपाट आलं, दार आतून धरलेलं. उचला, ती मनात म्हणाली, माझ्यासाठी नका उचलू, पण उचला. पाठ तशीच राहिली. मग खांदा हलला. तो बोलत होता.

पंधरा मिनिटांनी तो परत आला. हातात एक चिठ्ठी, त्यावर काही लिहिलेलं. बसता बसता त्यानं विचारलं, "तुमचं शेवटचं भांडण केव्हा झालं?"

आमचं कधी भांडण होत नाही. फॉर्मवाल्याचं कपाळ तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं ट्रेकडं पाहिलं. तीन वर्षं त्या ट्रेमध्ये पडलेली होती. आणि खिडकीपलीकडं तो काय बोलला असेल? तो तर कधी धड बोलतही नाही. कदाचित म्हणाला असेल, नाही झालं. बायकोची बाजू सांभाळायची म्हणून म्हणालाही असेल. मग हिचं खरं खोटं ठरायचं.

"परवा," ती म्हणाली. "रविवारी."

"कशावरून?"

"यावरूनच." तिनं पुस्तकावर हात ठेवला. "मी त्यांची पत्रं कापली. कडेला ते माझ्यासाठी लिहीत होते. म्हणाले, नेमकं तेवढंच कापलंस. तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत."

"मिटलं?"

"नाही."

दुभाषी बाईनं सांगितलं. अधिकाऱ्यानं चिठ्ठीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा चिठ्ठीकडं, आणि चिठ्ठीवर एक बारीक खूण केली. त्यानं पट्ट्या गोळा केल्या, एक-एक करून पाकिटात घातल्या, पुस्तक मिटलं आणि दोन्ही तिच्याकडं सरकवलं. सुबकचा हात आपोआप तिसऱ्या वस्तूसाठी पुढं झाला आणि टेबलावर तसाच थांबला. तिसरी वस्तू आली नाही.

"कळवू आम्ही," दुभाषी बाई म्हणाली. "हात काढा, बाई. पासपोर्ट इथंच राहील."

बाहेर नणंद बाकावरून उठली, हिच्या हातांकडं बघितलं, पुस्तक, पाकीट, आणखी काही नाही, आणि पुन्हा बसली. बसून रडायला लागली. "मला वाटलं तो नाही उचलणार," ती म्हणाली. "देवा, त्याला कपाटातून काढायला साहेब लागला."

पायऱ्यांवर सुबकचा फोन वाजला. चेहरा नव्हता, नुसता आवाज, मागं चाकांची घरघर.

"त्यांनी विचारलं, शेवटचं भांडण," नवरा म्हणाला. "मी सांगून टाकलं. मग वाटलं, तू काही वेगळं सांगितलं असशील तर."

"मीही तेच सांगितलं."

घरघर थोडी कमी झाली. तो कुठंतरी बाजूला सरकला असावा.

"बत्तिसाव्या पत्राची कड सापडली का?" त्यानं विचारलं.

"नाही. सहा नाही सापडल्या. त्यांतलीच ती."

"तिच्यावर वेगळं लिहिलं होतं."

सुबक पायरीवर उभी राहिली. तिनं आठवून बघितलं. दर वेळी ती आधी कडच वाचायची, म्हणून तिला आठवलं. तिनं ते फोनमध्ये म्हणून दाखवलं नाही, आजूबाजूला माणसं होती. "ठाऊक आहे मला," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "राग आहे अजून?"

"आहे," तो म्हणाला. "इथं आलीस की काढीन. जेवलीस?"

"नाही अजून."

"मग जेव."